शीतल बुडत नव्हती

ज्या मुलीला मी बुडताना वाचवलं म्हणून गावानं माझा सत्कार केला, ती मुलगी बुडत नव्हती. हे मला सत्काराच्या आधीच माहीत होतं. खरं सांगायचं तर तिच्या जाकिटाला माझा हात लागला, त्याच क्षणी कळलं होतं. तरी मी डोक्याला फेटा बांधून घेतला, शाल पांघरून घेतली, नारळ हातात धरला आणि माइकसमोर उभा राहून म्हणालो, "मी फक्त माझं कर्तव्य केलं."

हे वाक्य मला अधूनमधून माझ्याच आवाजात ऐकू येतं. दाढी करताना येतं, कंपनीत भट्टीसमोर उभा असताना येतं. यंदा श्रावण जवळ आला आणि कन्नड तालुक्यातल्या टेकड्या हिरव्या झाल्या, तसं ते जास्तच येऊ लागलं.

आषाढ सरत आला की आम्ही कयाक बाहेर काढतो. कन्नडजवळच्या एका गावात मुलींचं वसतिगृह आहे. त्याच्या मागं पत्र्याची शेड आहे, तिथं त्या उन्हाळाभर पालथ्या पडून असतात. दार उघडलं की आधी उंदरांचा वास येतो, मग तापून निवलेल्या प्लॅस्टिकचा, आणि मग, का कोण जाणे, गेल्या वर्षीच्या पाण्याचा. मुली आत घुसतात आणि बैलाच्या पाठीवरून फिरवावा तसा प्रत्येकीवर हात फिरवतात.

"ही माझी."

"तुझी कामून? गेल्या साली घासली कोण? म्या."

"घासली तू, पण चालली माझ्यासंगं."

कयाक म्हणजे एका माणसाची लांबोळकी, वरून झाकलेली होडी. मधल्या भोकात पाय पसरून बसायचं. कमरेला रबराचा एक घेर असतो, तो भोकाच्या कडेवर ताणून बसवायचा, म्हणजे आत पाणी येत नाही. मुली त्या घेराला परकर म्हणतात आणि हेल्मेटला डेचकं. दोन्ही टोकांना पातं असलेल्या वल्ह्याला मात्र त्यांनी वल्हंच राहू दिलंय. परकर आणि तरंगायचं जाकीट घातलेल्या, डेचकं चढवलेल्या, डेचक्याखालून लाल रिबिनींच्या वेण्या लोंबणाऱ्या दहा-बारा मुली डोक्यावर कयाक घेऊन तलावाकडं निघाल्या की अद्रकीच्या शेतातल्या बाया खुरपं थांबवून बघतात.

मी पाण्यातला माणूस नव्हे. चिकलठाण्याला पाण्याच्या टाक्या बनवणाऱ्या एका कंपनीत सुपरवायझर आहे. गच्चीवर असतात त्या काळ्या टाक्या. साच्यात प्लॅस्टिकची पूड घालायची आणि साचा भट्टीत फिरवत तापवायचा. पूड वितळून आतल्या बाजूला बसते, निवली की टाकी तयार. कयाकही अशाच बनतात, हे मला नसरीन मॅडम एक तळ फुटलेली कयाक टेम्पोत घालून आमच्या गेटवर आल्या तेव्हा कळलं. नसरीन मॅडम आमच्या शहराच्याच, तिशीतल्या. हिमालयातल्या नद्यांवर हे सगळं शिकून परत आलेल्या आणि मुलींना शिकवायचं म्हणून कन्नडच्या बाजूला बस्तान बसवलेल्या.

"काका, टाकी जोडते ना तुमी लोगां? ये भी टाकीच है," त्या म्हणाल्या. "बस, आडवी झोपलेली."

मी त्या नारिंगी कयाकला टाकीच्या काळ्या तुकड्याचं ठिगळ वितळवून बसवलं. ते पाणी धरतं का बघायला रविवारी कन्नडला गेलो आणि मग जातच राहिलो. एसटीच्या खिडकीशी बसायचं, दौलताबाद मागं टाकायचं, घाट चढायचा. मक्याला तुरे आलेले असायचे. आठवडाभर भट्टीच्या धगीत उभ्या राहिलेल्या माणसाला ती हवा कशी लागते, ते शब्दांत नीट सांगता येणार नाही. मुलींनी मला नाव ठेवलं टाकीवाले काका. मी ठिगळं लावायचो, दोऱ्या गुंडाळायचो आणि शिकवणी चालू असताना कमरेएवढ्या पाण्यात उभा राहून लक्ष ठेवायचो.

ऊसतोडीला जाणाऱ्यांच्या, मजुरी करणाऱ्यांच्या, मेंढरं राखणाऱ्यांच्या या मुली. पाण्याशी त्यांची ओळख होती ती वजनाची. हंड्याचं वजन, बादलीचं वजन, टँकरमागं धावताना कळशीचा कमरेला बसणारा काठ. पाणी त्यांनी आजवर उचललं होतं. पाणीही आपल्याला उचलून घेतं, हे त्यांच्यासाठी नवीन होतं. पहिल्यांदा कयाक काठापासून सुटते, खालची जमीन जाते आणि मुलगी तरंगत असते, तेव्हा बहुतेकजणी हसतात. मोठ्यानं नव्हे, कुणीतरी आपली गंमत केली आणि आपल्याला ती आवडली, तशा. ते हसू बघायला मी दर रविवारी एवढ्या लांब जायचो, हे घरी कुणाला सांगितलं तर पटलं नसतं. बायको म्हणायची, "सुट्टीच्या दिवशी बाकीचे लोक झोपतात."

शिकवणं नुसतं वल्ह्याचं नव्हतं. गौताळ्याच्या जंगलात मुक्काम असायचा, तीन दगडांची चूल, दोरीच्या गाठी, दिशा ओळखणं. पावसानं तलाव भरला की सांडव्यावरून पाणी सुटायचं आणि खालच्या ओढ्यात खडकांवरून उसळत जायचं. तिथं खरी परीक्षा. पाणी कुठं फिरतं, कुठं थबकतं, खडकामागं विसाव्याची जागा कुठं आहे, हे मुली काठावर उकिडव्या बसून बोटानं दाखवायच्या आणि त्यावरून भांडायच्याही. पहिल्या वर्षी पोळ्याला त्यांनी कयाकांचाच पोळा केला. नाकाला हळदकुंकू, झेंडूची माळ, वसतिगृहाच्या स्वयंपाकघरातून पळवलेली पुरणपोळी. काळ्या ठिगळाची सगळ्यांत पुढं होती. मिरवणूक मारुतीच्या देवळापर्यंत गेली तेव्हा तिथले म्हातारे म्हणाले, "आता ह्यास्नी चाराबी घाला." अंकिता नावाची एक तिखट मुलगी आहे, ती म्हणाली, "बाबा, ह्या चारा खात नायत, आन् शेणबी टाकत नायत. तुमच्या बैलापरीस बऱ्या." म्हातारे बराच वेळ हसत होते.

शीतल त्याच गावची. वसतिगृहातली नव्हे, घरून यायची. तिचे वडील म्हाळूअण्णा, त्यांची मेंढरं आणि थोडी कोरडवाहू जमीन. शीतल अबोल. शाळेचं आणि मेंढरांचं आवरून यायची. कधी एखादं अशक्त कोकरू खांद्यावर टाकून आणायची, काठावरच्या बाभळीला बांधायची आणि कयाकमध्ये बसायची. ती पाण्यात गेली की कोकरू जिवाच्या आकांतानं ओरडायचं.

"काका, त्याला गप करा ना."

"मी काय करू?"

"बोलत ऱ्हावा त्याच्याशी."

मग मी, भट्टीवरच्या पोरांना दम देणारा माणूस, बाभळीखाली बसून कोकराशी बोलायचो.

कयाकमध्ये सगळ्यांत अवघड असतं उलटून सुलटं होणं. कयाक उलटली, तुम्ही डोकं खाली करून पाण्यात लटकलात, तरी बाहेर पडायचं नाही. वल्हं वर पाण्याच्या सपाटीला आणायचं, पसरट ओढायचं, कमरेचा झटका द्यायचा. कयाक वळते आणि तुम्ही वर येता. नसरीन मॅडम ओरडून सांगायच्या, "कमर पहिले, मुंडी बाद में! जिसकी मुंडी पहिले उठी, वो गया!" माणूस घाबरला की आधी डोकंच वर काढायला बघतो आणि तिथंच फसतो. दुसरा नियम होता मदतीचा. खाली अडकलात तर कयाकच्या तळावर हातानं थापा मारायच्या. थाप ऐकू आली तरच शेजारच्यानं पुढं व्हायचं. तोवर हात लावायचा नाही.

शीतलला हे सगळ्यांत आधी जमलं. पहिल्यांदा वर आली तेव्हा नाकातून पाणी गळत होतं, एक वेणी तोंडावर चिकटली होती. आम्ही टाळ्या वाजवल्या. तिनं आमच्याकडं बघितलंही नाही. "परत," म्हणाली आणि पुन्हा उलटी झाली. त्या दिवशी किती वेळा "परत" म्हणाली, कुणी मोजलं नाही. कोकरू ओरडून ओरडून झोपून गेलं.

गेल्या श्रावणात गावाला हे सगळं दाखवायचं ठरलं. तलावाच्या भिंतीवर अख्खं गाव बसलं होतं. सरपंच, शाळेचे गुरुजी, डोक्यावर पदर घेतलेल्या आया, आणि एका टोकाला घोंगडी टाकून म्हाळूअण्णा. मुलींनी वेग दाखवला, गिरक्या दाखवल्या. शेवटी शीतल भिंतीसमोर आली, तिनं एकदा वडिलांकडं बघितलं आणि उलटी झाली.

पहिला प्रयत्न हुकला. अर्धी वर आली आणि परत खाली गेली. असं होतं, आम्ही शंभरदा पाहिलेलं होतं. ती पुन्हा वल्हं लावणार, हे मला माहीत होतं. पण भिंतीवरून फक्त पाण्यावर पालथं पडलेलं नारिंगी बूड दिसत होतं. कुणीतरी ओरडलं, "बुडाली!" मग सगळेच. त्यात एक बाई रडायलाच लागली. मी कमरेएवढ्या पाण्यात उभा होतो. पलीकडून नसरीन मॅडम ओरडल्या, "रुको काका!"

मी ते ऐकलं. आणि पुढं झालो.

तिचं जाकीट धरलं, तेव्हा कयाक वळायला लागली होती. माझ्या हाताला ते कळलं. तिची कंबर फिरली होती, वल्हं पाण्याला टेकून ताणलं गेलं होतं. मी काही केलं नसतं तर पुढच्या श्वासाला ती वर असती. मी तिला डोक्याकडून वर ओढलं, म्हणजे नेमकं जे करायचं नसतं ते केलं. वल्हं तिच्या हातातून सुटलं, तोंडात पाणी गेलं आणि ती खोकत, ठसकत, बुडालेल्या माणसासारखीच माझ्या हातात आली. भिंतीवर टाळ्यांचा कडकडाट झाला. काही बोलायला मी तोंड उघडलं होतं. टाळ्या ऐकल्या आणि मिटलं.

पुढचं सगळं आपोआप झालं. सत्कार झाला, जिल्ह्याच्या पानावर बातमी आली. गावच्या फाट्यावर फ्लेक्स लागला. त्यावर हात जोडलेला माझा फोटो आणि वर मोठ्या अक्षरांत 'जीवरक्षक'. कंपनीत पेढे वाटले. बायको, जी सुट्टीच्या दिवशी झोपा म्हणायची, तिनं फोनवर सगळ्या नातेवाइकांना सांगितलं. मला ते आवडलं, हे मी लपवणार नाही. आयुष्यभर टाक्या बनवल्या. टाकी गळली तर माणूस आठवतो, नाही गळली तर कुणी आठवत नाही. पहिल्यांदाच माझं नाव कुणीतरी माइकवरून घेतलं होतं.

नसरीन मॅडम सत्काराला आल्या नाहीत. दुसऱ्या रविवारी दोरी गुंडाळताना एवढंच म्हणाल्या, "उनो उठरी थी, काका."

"हो," मी म्हणालो.

"मालूम था तुमको?"

मी दोरीच गुंडाळत राहिलो. त्यांनी सगळ्यांना सांगून पाहिलं, पण गावानं डोळ्यांनी पाहिलेलं होतं. शिवाय शिकवणारी बाई आपली चूक झाकतेय, असंच लोकांना वाटलं. तेही माझ्याच खात्यावर.

शीतल तलावावर यायची बंद झाली. म्हाळूअण्णांनी मला रस्त्यात गाठून चक्क वाकून पाया पडायचा प्रयत्न केला. "त्या दिशी म्या मेलो व्हतो सर. तुमी जिता केला. आता पोरीला पान्याजवळ जाऊ देनार नाय, बिरोबाची आन." गावातल्या पोरांनी तिचं नाव 'बुडी' ठेवलं. शाळेत जायला तिला फाट्यावरून, त्या फ्लेक्सखालून जावं लागे. एकदा मी एसटीतून उतरलो आणि ती समोरून मेंढरं घेऊन आली. मेंढरं माझ्या दोन्ही बाजूंनी गेली. ती थांबली.

"काका, म्या थाप मारली नव्हती," ती म्हणाली.

आवाजात राग नव्हता. तिला फक्त खात्री करून घ्यायची होती, की निदान दोघांना तरी हे माहीत आहे. मी मान हलवली. ती मेंढरांमागं निघून गेली आणि मला वाटलं की झालं, मी कबूल केलं. मान हलवण्याला कबुली समजण्याइतका मी पळपुटा होतो.

पोळ्यानंतर मुली खऱ्या नदीवर, घाटाखाली कोलाडला गेल्या; मीही गेलो. तिथल्या नदीची गंमत अशी, की ती रोज सकाळी येते. वरच्या वीजघरातून पाणी सोडतात, तोवर नुसते ओले खडक असतात. मग लांबून पिकात वारा शिरल्यासारखा आवाज येतो आणि बघता बघता खडक दिसेनासे होतात. मुली काठावर ओळीनं उभ्या होत्या. अंकिता म्हणाली, "आमच्याकडं नळाला पानी आठ दिवसाआड येतं. हितं तर नदीच येती." मग त्या पाण्यात शिरल्या आणि सगळ्या खळखळाटावरून त्यांचं किंचाळणं ऐकू येत राहिलं. उलटल्या, उठल्या, खडकामागं थांबल्या, पुन्हा सुटल्या. इतका आनंद मी एका जागी गोळा झालेला क्वचितच पाहिलाय. त्यात एक जागा रिकामी होती, आणि काळ्या ठिगळाची शीतलची कयाक शेडमध्येच पडून होती. ती दुसऱ्या कुणी घेतली नव्हती.

असं वर्ष गेलं. यंदा आषाढात कयाक बाहेर काढल्या, त्या दिवशी अंकितानं मला विचारलं, "काका, तुमी कधी उलटे झाले का?"

"नाही गं."

"मंग आमाला कसं वाचवता?"

बाकीच्या मुली हसल्या. तिनं ते टोचायलाच म्हटलं होतं, हे मला कळलं. ती शीतलची मैत्रीण.

"उलटा करा मला," मी म्हणालो.

पन्नाशी ओलांडलेला, पोट सुटलेला माणूस कयाकमध्ये बसवणं हा एक समारंभच होता. दोघींनी धरलं, एकीनं पाय आत ढकलले. "काका, परकर बसंना." "पोट आत घ्या." "अजून." नसरीन मॅडम तोंडावर ओढणी धरून दुसरीकडं बघत होत्या. मग अंकितानं आपले दोन्ही हात पाठीमागं बांधले आणि शेजारी उभी राहिली. "थाप मारा, नायतर उठा. म्या हात लावनार नाय."

मी उलटा झालो. पहिल्यांदा कानात नुसतं धडधडलं आणि मी लगेच थापा मारल्या. बाहेर काढलं. खोकलो. म्हणालो, "परत." हा शब्द माझ्या तोंडातून कसा आला, देव जाणे.

दुसऱ्यांदा मी थोडा थांबलो. डोळे उघडले. चहाच्या रंगाचं पाणी, त्यात उन्हाचे लांबट पट्टे. माझा सदरा तोंडासमोर हळूहळू हलत होता. वरचे आवाज बंद खोलीबाहेरून यावेत तसे येत होते. आणि तिथं घाई नव्हती. असं असेल, हे मला कधीच वाटलं नव्हतं. घाई सगळी वर होती, भिंतीवर, आमच्यात. खाली वेळ होता. वल्हं चाचपायला, ते फिरवायला, एकदा चुकलं तर परत लावायला पुरेसा वेळ होता. शीतल इथंच होती. या शांततेत ती आपलं काम नीट करत होती आणि वरून एक हात आला.

मला उठता आलं नाही. आधी डोकं काढलं, अर्थातच. पण काठावर पडून धापा टाकत असताना मी पोट धरून हसत होतो, मुली हसत होत्या, आणि हसता हसता मला रडू येत होतं. ओल्या माणसाचं रडू कुणाला दिसत नाही.

कोरडा झालो आणि तसाच सरपंचांकडं गेलो. म्हटलं, ती मुलगी बुडत नव्हती, सत्कार चुकीचा झाला, परत घ्या. सरपंच भला माणूस आहे. त्यानं चहा मागवला, विचार केला आणि म्हणाला, "दिलेला सत्कार वापस घ्यायची सोय नाय हो सर. तसा ठरावच कुठं नाय." फ्लेक्स तेवढा मी माणूस लावून उतरवून घेतला. तो आता सरपंचांच्या गोठ्यावर आहे, छापील बाजू आतून. माझा चेहरा बहुधा म्हशींना दिसतो.

मग म्हाळूअण्णांच्या वाड्यावर गेलो. वाडा म्हणजे मेंढरांचा, काट्याकुट्यांच्या कुंपणाचा. संध्याकाळ होत होती, मेंढरं नुकतीच आत आली होती, लोकरीचा आणि ओल्या शेणाचा उबट वास होता. म्हाळूअण्णांनी घोंगडी झटकून अंथरली. शीतल एका बाजूला बसून एका कोकराला बाटलीनं दूध पाजत होती. तिनं मान वर केली नाही.

"अण्णा, एक सांगायचंय. त्या दिवशी शीतल बुडत नव्हती. ती आपली आपण वर येत होती. मी उगाच ओढलं."

म्हाळूअण्णा हसले. "व्हय व्हय."

"खरंच सांगतो. तिच्या तोंडात पाणी गेलं ते माझ्यामुळं."

"मोठी मानसं आसंच म्हनत्यात, सर. फळ लागलं की झाड वाकतंच. तुमी तवा माइकवरबी तेच बोलले. काय ते... कर्तव्य." त्यांनी तळहातावर तंबाखू मळायला घेतली. "आमी मेंढरामागची मानसं, पर उपकार वळखतो."

जितकं आणखी सांगितलं, तितका मी त्यांच्या नजरेत आणखी मोठा होत गेलो. असला विचित्र पेच माझ्यावर कधी आला नव्हता.

त्यातून पुढं काय झालं, ते आधी सांगतो, कारण सांगताना माझं मलाच बरं वाटतं. शीतल यंदा कोलाडला आली. म्हाळूअण्णा पण आले. घोंगडी, काठी, सगळं घेऊन. बिरोबाची आण कशी सोडवली, विचारलं तर म्हणाले, "देवाला सांगितलं, मला खोटी बातमी मिळाली व्हती." नदी यायच्या आधी ते खडकांवर उभे होते. "सर, पानी कुठंय?" "येईल." "येईल म्हंजे? नदी का एसटी हाय?" मग पाणी आलं आणि ते दोन पावलं मागं सरले.

शीतल काळ्या ठिगळाच्या कयाकमध्ये होती. पहिल्या दोन उसळ्या तिनं सहज घेतल्या. तिसऱ्या ठिकाणी पाणी खडकावर आपटून माघारी वळतं. तिथं ती उलटली आणि पालथं बूड प्रवाहातून खाली येऊ लागलं. मी दोन्ही हात काखेत घट्ट दाबून धरले. नसरीन मॅडम खाली थांबल्या होत्या, त्याही हलल्या नाहीत. म्हाळूअण्णांनी काठी टेकली आणि हळूच खाली बसले. मग वल्ह्याचं एक पातं दिसलं, कयाक वळली, कंबर आली, खांदे आले आणि सगळ्यांत शेवटी ते डेचकं. तिनं तोंडावरची वेणी झटकली आणि पुढच्या पाण्याकडं बघितलं.

"आली वर," म्हाळूअण्णा म्हणाले. माझ्याशी नव्हे, असंच. जरा वेळानं म्हणाले, "हिची आजी आशीच व्हती. कुनाचं आयकायची नाय." त्या दिवशी त्यांनी काठावरून दिवसभर तिच्या बरोबरीनं चालत कोलाडची निम्मी नदी पालथी घातली. खडकांवरून घसरले, गुडघा सोलला, जेवायला बोलावलं तरी आले नाहीत. परतीच्या गाडीत दमून झोपलेल्या मुलींच्या मधे ते एकटेच जागे होते आणि जो दिसेल त्याला सांगत होते, कंबर पहिले, मुंडी नंतर.

आता तिथंच परत जातो, वाड्यावर, त्या संध्याकाळी. म्हाळूअण्णा माझी थोरवी सांगत होते, मी घोंगडीवर बसून माना हलवत होतो. आणि आम्ही दोघं ज्या मुलीबद्दल बोलत होतो, ती चार हातांवर बसली होती. अचानक माझ्या लक्षात आलं, की मी सरपंचांना सांगितलं, आता तिच्या बापाला सांगतोय. ज्यांचं मी काही नेलं नव्हतं त्या दोघांकडं गेलो. जिचं नेलं तिच्याशी एक शब्द नाही. आपल्याकडं पोरीची माफी मागायची रीत नाही. मोठ्यांनी चुकावं, लहानांनी समजून घ्यावं, एवढंच आपण शिकलेलो. आणि वर्षभरात आम्हां बाप्यांपैकी एकानंही तिला विचारलं नव्हतं, की बाई, तू खाली होतीस, तिथं काय चाललं होतं?

मी उठलो. मेंढरं बाजूला सारत तिच्यापाशी गेलो आणि जमिनीवर बसलो. म्हाळूअण्णा म्हणाले, "सर, खाली कामून बसता, तिकडं घान हाय." शीतलनं पहिल्यांदा माझ्याकडं बघितलं. बाटली तिच्या हातात तशीच होती, कोकरू लुचत होतं. या वेळी मान हलवून भागणार नव्हतं. तिच्या बापाला ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं मी म्हणालो,

"शीतल, तू बुडत नव्हतीस. तू वर येत होतीस आणि ते माझ्या हाताला कळलं होतं. तरी मी ओढलं. आणि लोक टाळ्या वाजवत होते म्हणून गप्प बसलो, वर्षभर. तुला लोक बुडी म्हणाले, तुझं पाण्यात उतरणं सुटलं, ते माझ्यामुळं. चूक माझी आहे, तुझी नाही. मला माफ कर, बाळा."